बॉयलर-खोलीमागे

मंत्रीबाई आल्या त्या दिवशी लिफ्ट चालू होती.
रात्री दोनपासून मी तिच्या खड्ड्यात होतो,
टॉर्च दातांत, पाना काखेत,
म्हणून चालू होती.

पिवळ्या हेल्मेटवर एक ओरखडा नाही,
फावड्याच्या दांड्याला दुकानाचं लेबल तसंच.
बावीस कोटी डॉलर, त्या म्हणाल्या,
आणि माइक खरखरला.
टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.
खोटं कशाला बोलू, मनापासून वाजवल्या.

मेलबर्नच्या उत्तरेला ट्राम संपते,
पुढे गोदामं, टायरची दुकानं,
मग ही लाल विटांची इमारत.
बांधली तेव्हा आजूबाजूला मेंढ्या चरायच्या म्हणे.
मेंढ्या गेल्या, घरं आली, घरांत माणसं,
माणसांत मधुमेह.
खाटा तेवढ्याच.

सत्तावीस वर्षं मी हिची नाडी बघतोय.
चौथ्या वॉर्डातला गरम नळ आधी खोकतो,
मग थुंकतो, मग देतो.
एक्स-रेच्या दाराला खांदा द्यावा लागतो.
इमर्जन्सीत सोळा खुर्च्या.
वरसमे टॅक्सीवाला छातीवर हात धरून
अकरा तास होता तिथे,
त्यातले चार उभ्याने,
कारण एक पोटुशी बाई आली होती.

मग इमोजेन आली, आर्किटेक्ट,
माझ्या धाकटीच्या वयाची.
नकाशे पसरले, कोपऱ्यांवर आमचे चहाचे मग.
"इल्चो, हे काय आहे?"
तिचं बोट बॉयलर-खोलीमागच्या चौकोनावर.
"जुन्या आराखड्यात इथे काहीच लिहिलेलं नाही."

काय सांगणार.
तिथे एक बाक आहे, मोडक्या ट्रॉलीच्या फळीचा,
मीच ठोकलेला.
भिंत कोमट असते, जुलैच्या थंडीतसुद्धा.
पहिल्यांदा तुयेतबाई आल्या.
नवरा वर, श्वासाच्या यंत्रावर,
आणि डॉक्टर उत्तरासाठी थांबलेले.
त्यांनी भिंतीला पाठ लावली, तोंडावर हात दाबला.
मला काही सुचेना.
मी पंप वाढवला.
खोलीभर घरघर झाली,
आणि त्यांनी हात काढला.

तेव्हापासून तेच.
कुणी आलं की पंप वाढवायचा, पाठ फिरवायची.
फेतुई नर्स रात्रपाळीनंतर येते.
ती रडत नाही, सँडविच खाते,
पण पंप वाढवतोच मी.

"लोक इथे रडतात," मी म्हणालो.
इमोजेननं ते लिहून घेतलं.
खरंच. पेन्सिलनं, बारीक अक्षरांत.

पुढच्या नकाशात तिथे शांत कक्ष होता,
नऊ चौरस मीटर, एक खिडकी.
स्टील महागलं. सहा मीटर झाले, खिडकी गेली.
शेवटच्या नकाशात: भांडार.
तिनं स्वतः फोन केला, अवघडून बोलली.
मग जरा उजळून म्हणाली,
नवीन हीटिंग विजेवरचं आहे, इल्चो,
अजिबात आवाज नाही.

वरसमेला यंदा चाळीस मिनिटांत खाट मिळाली.
हे आधी सांगायला हवं होतं.
खाट मिळाली, नळी घातली, चौथ्या दिवशी घरी गेला,
आता भाडं घेत नाही माझ्याकडून, भांडतो.
नळ खोकत नाहीत. लिफ्टला माझी गरज नाही.
बॉयलर तुकडे करून ट्रकमधून नेला,
मी गेटपर्यंत गेलो, एवढंच.

भांडाराची किल्ली माझ्याकडे आहे.
हातमोजे, चादरी, लघवीच्या पिशव्या,
सगळं रॅकवर, छताला टेकेल इतकं.
फक्त एका भिंतीला रॅक नाही.
तिथे बाक आहे,
आणि एक जुना टेबलफॅन,
तीन नंबरवर ट्रॅक्टरसारखा गुरगुरणारा.

नोंदवहीत लिहून ठेवलंय:
पंखा नादुरुस्त,
सुट्या भागांची वाट बघतोय.